केकच्या बशीतून सुटका

माणसाची समाजातली खरी जागा त्याच्या पगारावरून, पदवीवरून किंवा त्याच्या अंत्ययात्रेला किती माणसं आली यावरून ठरत नाही; ती ठरते लोक त्याच्यापुढे बशीत काय ठेवतात यावरून. हा सिद्धान्त माझा स्वतःचा आहे. ज्या संध्याकाळी तो सुचला त्याच संध्याकाळी मी तो माझ्या बायकोला, तोमोएला, सविस्तर ऐकवला. ती मोज्यांच्या जोड्या लावत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "केक नको असेल तर सरळ सांगा ना तसं."

सरळ. जिच्या माहेरी 'चहा नको' एवढं सांगायला तीन वाक्यं आणि कमरेतून अर्धं वाकणं लागतं, ती मला सरळ सांगायला सांगत होती.

प्रकार असा आहे. जपानात, नागानोच्या डोंगरातली आमची गल्ली हिवाळ्यात दुपारचा चहा मोमोसेआजींकडे घेते. आजी ऐंशीच्या पुढच्या, उंचीनं माझ्या कोपरापर्यंत, आणि अधिकारानं कलेक्टर. त्यांच्या बैठकीत कोतात्सू आहे, म्हणजे एक बुटकं टेबल, त्याच्या पोटाला शेगडी आणि वरून चारी बाजूंनी लोंबणारी रजई. मंडळी त्या रजईत कमरेपर्यंत शिरतात आणि उरलेल्या अर्ध्या अंगानं जगाच्या उठाठेवी करतात. चहाबरोबर मधोमध वाडगा येतो. वाडग्यात नोझावाना नावाच्या हातभर लांब पालेभाजीचं मिठातलं लोणचं, हिरवंगार आणि कचकचीत. सगळ्यांच्या चॉपस्टिक त्यात पडतात. माझ्या सोडून. माझ्यापुढे स्वतंत्र बशी येते, बशीत कागदाची जाळी, जाळीवर केकचा तुकडा आणि बाजूला बाहुलीच्या भातुकलीतला वाटावा असा काटा.

नवख्या माणसाला यात मान दिसेल. मलाही पहिली काही वर्षं दिसला. पण मी या गल्लीत वीस वर्षं राहतोय. केकच्या मागोमाग स्तुती येते ती वेगळीच. "आगटेसान," म्हणजे आगटेसाहेब, म्हणजे मी, "आपलं जपानी काय सुरेख आहे हो." माझी कारखान्यातली भांडणं जपानीत झाली, सासऱ्यांच्या दिवसांतलं आभाराचं भाषण मी जपानीत केलं, भूल उतरताना मी डॉक्टरांना जे बोललो तेही, नर्सच्या म्हणण्याप्रमाणे, जपानीतच होतं. तरी मी रजईत बसून "आज गारठा आहे" एवढं म्हटलं की चारी बाजूंनी कौतुकाची कुजबुज उठते, जणू काही मांजरानं दाराची कडी काढली.

तोमोएचं माहेर दोन खोरी पलीकडे. तिला पहिल्या दिवसापासून वाडगा. पहिल्याच आठवड्यात तिनं दारातलं बर्फ भलत्या बाजूला लोटलं म्हणून आजींनी तिला भर रस्त्यात झापलं होतं. मला वीस वर्षांत कुणी झापलेलं नाही. एकदा मी अनवधानानं आमचं बर्फ चक्क आजींच्या दारात नेऊन टाकलं, तर आजी बाहेर आल्या, "किती कष्टाळू आहात आपण" म्हणाल्या आणि स्वतः फावडं घेऊन ते उपसायला लागल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली की आपलं काहीतरी चुकतंय.

भिंगांच्या कारखान्यात होतो तोवर याचं फारसं वाटत नसे. तिथं माझ्या वाट्याच्या शिव्या मला नियमित आणि बिनतक्रार मिळत. पण वसंतात निवृत्त झालो आणि गल्ली हेच माझं राष्ट्र उरलं. आणि त्या राष्ट्रात मी होतो कायमचा परदेशी पाहुणा. तेव्हा मी ठरवलं, की या हिवाळ्यात स्वतः नोझावानाचं पिंप घालायचं. ज्याच्या घरी स्वतःचं पिंप आहे त्याला कोण केक देईल?

"लोणच्याच्या बाबतीत मी सांगलीचा आहे," मी तोमोएला म्हणालो.

तिच्या हातातला मोजा थांबला. "हे लोणचं वेगळं असतं हं," ती म्हणाली. मी त्याकडे दुर्लक्ष केलं. मोज्यांत गुंतलेल्या माणसाला ध्येय दिसत नाही.

मी गल्लीत सल्ला मागायला निघालो. मीठ किती घालायचं असं मोमोसेआजींना विचारलं, त्या म्हणाल्या पुरेसं. वरच्या टोकाच्या घरातून सांगण्यात आलं की पर्सिमन नावाच्या फळाच्या वाळवलेल्या साली घातल्याशिवाय चव येत नाही. खालच्या टोकाला कळलं की वरच्या टोकाचं लोणचं दरवर्षी त्या सालींमुळेच बिघडतं, पण हे त्यांना कोण सांगणार, त्यांना वाईट वाटेल. कुणी म्हणालं, मिरच्या अख्ख्या घाला. कुणी म्हणालं, मिरच्या दाखवून काढून घ्या. एका बाबतीत मात्र संपूर्ण गल्लीचं एकमत होतं: आगटेसान, आपण कशाला त्रास घेता, आम्ही डबा आणून देऊ.

दुसरं एकमत होतं दगडावर. पिंपातल्या भाजीवर लाकडी झाकण आणि झाकणावर चांगला घागरीएवढा दगड हवा. बाजारात प्लास्टिकची वजनं मिळतात, त्यांना वर उचलायला कडीही असते, पण आजींच्या मते प्लास्टिकच्या वजनाखाली प्लास्टिकचं लोणचं होतं. दगड नदीचाच हवा.

आता, दुसरा कुणी असता तर नदीवर जाऊन दगड घेऊन आला असता. पण परदेशी माणसाच्या पोटात कायद्याची एक वेगळी भीती असते. नदी सरकारची, तिच्यातला दगड सरकारचा, आणि उद्या पेपरात 'परदेशी नागरिकाकडून नदीचा दगड हस्तगत' असं आलं तर? मी नदीखात्याच्या कार्यालयात गेलो आणि रीतसर परवानगी मागितली.

खिडकीमागचे गृहस्थ अतिशय सौम्य होते. त्यांनी विचारलं, किती ट्रक. मी म्हणालो, एक. त्यांनी लिहून घेतलं, एक ट्रक. मी म्हणालो, ट्रक नाही, दगड. ते लिहायचे थांबले. खणायचं यंत्र कुठे उभं करणार, असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारून पाहिलं, कारण पुढचा प्रश्न तोच होता आणि तो गाळणं त्यांच्या हातात नव्हतं. मग ते आत गेले. कपाटामागून तीन डोकी एकामागून एक माझ्याकडे डोकावून गेली. मला चहा आला. बऱ्याच वेळानं गृहस्थ परतले, खिडकीतून शक्य तेवढे पुढे वाकले आणि म्हणाले, "आगटेसान, समजा एखादा माणूस नदीकाठी फिरायला गेला, आणि घरी परतताना त्याच्या हातात दगड असला, तर खात्याला ते कळायचं काहीच कारण नाही."

"वा," मी म्हणालो.

"पण आपण ते आता खात्याला कळवलंय."

मी चहाचे आभार मानले आणि हात हलवत घरी आलो. एका दगडाची सोय खात्याकडे नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायला त्याच आठवड्यात खात्यातले दोघं सुटाबुटात आमच्या घरी आले. येताना रिवाजाप्रमाणे खोकं आणलं होतं. खोक्यात केक होता.

ते गेल्यावर तोमोए म्हणाली, जरा पाय मोकळे करून येते. परतली तेव्हा तिच्या भाजीच्या पिशवीत एक गोल, गुळगुळीत, घागरीएवढा दगड होता. तिनं तो पडवीत ठेवला आणि स्वयंपाकाला लागली. आम्ही त्या विषयावर आजवर बोललेलो नाही.

पुढचा पेच धुण्याचा. गल्लीच्या मध्यावर एक दगडी हौद आहे, त्यात गरम झऱ्याचं पाणी येतं आणि पहिलं दव गोठलं की घरोघरच्या बायका पाळीपाळीनं तिथं भाजी धुतात. पाळ्या लावतात गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर कारासावा. मी त्यांना मनातल्या मनात कारासावाराव म्हणतो, कारण त्यांच्या चालण्यातच एक 'राव' आहे. मी त्यांच्याकडे माझी स्वतःची पाळी मागितली. त्यांनी दातांतून हवा आत ओढली.

इथे दातांतून हवा ओढली की विषय संपतो. हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. पण ठाऊक असलेली गोष्ट न समजण्याचा एक हक्क परदेशी माणसाला असतो, तो मी त्या दिवशी बजावला. मी तसाच उभा राहिलो. कारासावारावांनी आणखी थोडी हवा ओढली. शेवटी म्हणाले, बैठक घ्यावी लागेल. इथल्या बैठकीत चर्चा होत नाही. चर्चा होऊ नये म्हणून आधी घरोघर जाऊन ती उरकावी लागते. कारासावाराव आठवडाभर थंडीत घरोघर फिरले. बैठक चहा निवायच्या आत संपली. ठराव एकमतानं झाला: आगटेसानना हौदावर सन्मानानं बोलावावं.

त्या दिवशी मी गमबूट घालून, बाह्या सरसावून, बायकांच्या वरताण तयारीनं हौदावर गेलो. तिथं एक खुर्ची होती. खुर्चीवर उशी, उशीवर घोंगडी. मला घोंगडीत गुंडाळून खुर्चीत बसवण्यात आलं आणि माझ्या डोळ्यांदेखत गल्लीतल्या समस्त बायकांनी माझी भाजी धुतली. मी दोन-तीनदा उठलो. प्रत्येक वेळी मला खांद्याला धरून खाली बसवलं. ऐंशी ओलांडलेल्या मोमोसेआजी कोपरापर्यंत पाण्यात होत्या. "आपण बसा हो," त्या म्हणाल्या, "आपल्याला हे पाणी बाधेल." कारासावारावांनी फोटो काढला. तो पुढे गल्लीच्या पत्रकात आला: 'परंपरेचा आनंद लुटताना आपले आगटेसान'. खुर्चीतला तो इसम पाहून मला स्वतःलाच त्याला केक द्यावासा वाटला. आणि दिला होताच; बशी फोटोत दिसते आहे.

त्या खुर्चीत तासभर निश्चल बसल्यानं मला पडसं झालं, असं सणसणीत की नाकाचं दुकान पुरतं बंद. हा तपशील मी उगाच सांगत नाही.

भाचीचं बाळंतपण करायला तोमोए मात्सुमोतोला गेली, आणि घरात मी, भाजी आणि पिंप असे तिघंच उरलो. मी दार लावून घेतलं. इथून पुढे मला खुर्ची द्यायला कुणी नव्हतं. भाजीचा थर, मिठाचा थर, भाजीचा थर. मीठ पुरेसं घातलं. पण थरांकडे बघता बघता माझ्यातला सांगलीकर जागा झाला. नुसतं मीठ? याला काय लोणचं म्हणायचं, ही तर आजाऱ्याची भाजी. मी मोहरी भरडली. मेथी तळून कुटली. भावजय दर दिवाळीला हिंग पाठवते, त्याचा डबा काढला. चिमूट टाकून पाहिली; एवढ्या पिंपात ती दिसेचना. म्हणून डबा उपडा केला.

आणि मग मी ते पिंप काचेच्या पडवीत, दक्षिणेच्या लख्ख उन्हात नेऊन ठेवलं. लोणच्याला ऊन दाखवायचं असतं. सांगलीत आजवर कुठल्याही लोणच्यानं उन्हाबद्दल तक्रार केलेली नाही. रात्री मात्र पारा शून्याखाली जाई, तेव्हा पिंपाशेजारी मी रॉकेलची शेगडी लावून ठेवत असे. चार-पाच दिवसांत पिंपातून बुडबुड आवाज येऊ लागला. मी तोमोएला फोनवर सांगितलं, लोणचं बोलायला लागलंय. तिकडे बाळ रडत होतं, त्यामुळे तिला नीट ऐकू आलं नाही, असं ती नंतर म्हणाली.

एके दिवशी सकाळी गल्लीतल्या खांबावरचा कर्णा बोलू लागला. नेहमीचाच तो शांत बायकी आवाज: वरच्या गल्लीत गॅसचा वास येत आहे, कुणी काडी ओढू नये, सर्वांनी देवळाच्या अंगणात जमावं. मी नाक ओढून पाहिलं. काही कळेना. तोवर दारात कारासावाराव उभे, डोक्यावर आगीच्या पथकाचं चंदेरी शिरस्त्राण. आमचं पथक स्वयंसेवकांचं आहे आणि त्यातल्या बहुतेकांना जिना चढताना स्वतःलाच मदत लागते. एक जण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होता, त्यामुळे एक जागा रिकामी होती. कारासावारावांनी माझ्याकडे पाहिलं, दातांतून हवा ओढली, मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग त्यांनी खिशातून केशरी पट्टी काढून माझ्या दंडाला बांधली.

"वरची घरं रिकामी करा. पळा."

मंडळी, वीस वर्षांत मला 'कृपया' न लावता दिलेला हा पहिला हुकूम. मी पळालो. त्या सकाळी मी जे काम केलं तसं या खोऱ्यात पूर्वी कुणी केलं नसेल. मी दारं वाजवली, शेगड्या विझवल्या, एका गृहस्थांना अर्ध्या दाढीनिशी बाहेर काढलं. मोमोसेआजी रजईतून निघायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं पडलं की हा गॅस नव्हे, हा मेलेल्या भाजीचा वास आहे. मी त्यांना समजावलं की गॅसला मुद्दाम तसाच वास लावलेला असतो, आणि चर्चा नंतर. त्यांना घरातल्या सपातांवरच बर्फातून देवळापर्यंत नेलं. अंगणात सगळी गल्ली रांगेत उभी. मी पुढे होऊन म्हणालो, "वरची घरं रिकामी."

कारासावाराव म्हणाले, "हं."

त्या 'हं'मध्ये कौतुक नव्हतं. माझ्या जपानीबद्दल चकार शब्द नव्हता. एका माणसानं दुसऱ्याला द्यावा तसा तो साधा 'हं' होता, आणि त्यावर मी अख्खा हिवाळा काढला असता.

गॅस कंपनीचा माणूस मीटर घेऊन घराघरांतून हिंडला. काटा जागचा हलेना. शेवटी त्यानं मीटर बंद केला, टोपी मागे सारली आणि नुसत्या नाकानं चालायला लागला. नाक वरच्या अंगाला वळलं. नेमकी त्याच वेळी खालच्या थांब्यावर बस थांबली आणि हातात पिशवी घेऊन तोमोए उतरली. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. तिनं मान वर करून एकदा वास घेतला. आमच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं हिंगाची फोडणी पडते आहे. ती सावकाश माझ्याजवळ आली.

"पिंपात काय घातलंत तुम्ही?"

हे तिनं मराठीत विचारलं. तोमोए मराठी फक्त संकटात बोलते.

मला सगळं कळलं. अगदी सगळं, एका क्षणात. मी खाली दंडावर पाहिलं. पट्टी जराशी तिरकी झाली होती, ती सरळ केली. आणि वरच्या घरांची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे, कारासावाराव आणि गॅसवाल्याच्या मागोमाग, मी स्वतःच्या घराचा तपास करायला चालू लागलो.

काचेच्या पडवीत पिंपाचं झाकण वीतभर वर आलं होतं. दगड एका बाजूला कलंडून कुठल्याही क्षणी उडी घेईल असा बसला होता. फटीतून हिरवा फेस उतू जाऊन, जमिनीवरून वाहत, दाराच्या फटीतून बाहेर बर्फावर पोचला होता. बर्फही हिरवं झालं होतं. गल्ली आमच्या मागे अर्धवर्तुळात येऊन उभी राहिली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी वाचलो असतो. कुणीतरी म्हणालं, रंग मात्र काय गडद धरलाय. गॅसवाल्यानं विचारलं, ही भारतातली पौष्टिक पाककृती का, आणि टोपी काढून खाली वाकला. कारासावाराव सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले की हिवाळी कवायतीची संधी दिल्याबद्दल गल्ली आगटेसानांची अत्यंत ऋणी आहे. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी पट्टी सोडून त्या हातांवर ठेवली आणि त्यांनी ती बक्षीस स्वीकारावं तशी वाकून स्वीकारली. वर टाळ्याही पडल्या.

माफी मागायला जाणं आलं. तोमोएनं खोकी आणली. त्यांत काय होतं हे विचारू नका. माफीसाठी दुसरं काही मिळतच नाही. मी काळा सूट घातला आणि सर्वांत आदरार्थी अशी माफी पाठ करून दारोदार फिरलो. प्रत्येक दारात मला सांगण्यात आलं की छे छे, उलट मजा आली. खालच्या टोकाच्या बाईंनी डोळे पुसत म्हटलं की माफीचं इतकं शुद्ध जपानी हल्ली आमच्या मुलांनाही येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माफीच्या खोक्यांची परतफेड म्हणून तितकीच खोकी आमच्या घरी आली. मी ती जिन्यात रचून ठेवली. पिंप घालून मी पाहुण्याचा घरचा माणूस होणार होतो. त्याऐवजी मी राष्ट्रपतींच्या दर्जाचा पाहुणा झालो होतो.  तोमोएनं त्यातलं एक खोकं उघडून चहा ठेवला, आणि आम्ही दोघं शांतपणे केक खात बसलो.

एक घर राहिलं होतं, मोमोसेआजींचं. दोनदा गेलो, दोनदा कडी. तिसऱ्यांदा तसाच परत आलो तर आजी आमच्याच पडवीत. बाह्या वर, पिंपापाशी उकिडव्या बसलेल्या, आणि तोंडात माझी भाजी. त्यांनी ती चावली, थांबल्या, बाहेर तोंड काढून बर्फात थुंकल्या.

"उन्हात ठेवलंस?"

"हो."

"आणि ही शेगडी कशाला?"

"रात्रीची. थंडी फार पडते म्हणून."

"कुणाला? भाजीला?"

मी शेगडी पायानं जरा मागे सरकवली. मग आजींनी तोंड सोडलं. वीस वर्षं इथे राहतोस, डोळे काय गहाण टाकलेस? कुणाच्या पडवीत पिंप पाहिलंस तू? सगळ्यांची पिंपं कुडकुडत्या खोपीत असतात, तुला काय वाटलं, आम्हाला भाजीची दया येत नाही? चांगली दवानं गोड झालेली भाजी, या हातांनी धुतलेली, आणि तू तिला आजारी म्हातारीसारखी शेकत बसलास. वर त्यात ती औषधं. आणि मी सांगत होते मेलेल्या भाजीचा वास आहे, तर मलाच सपातांवर बर्फात काढलीस, दीडशहाण्या. घरात एवढी शहाणी बायको, तिला विचारायचीही लाज वाटते.

मी खाली बसून, तळवे जमिनीला टेकवून, पाठ केलेली माफी सुरू केली. पहिल्या वाक्यातच आजींनी हात उडवला.

"ते पाठांतर ठेव तिकडे. कोट काढ. बाह्या वर कर."

तोमोए आतून बघत होती. ती नंतर म्हणाली, तुम्ही हसत होतात. मी हसत नव्हतो. मी चेहरा पाडायचा प्रयत्न करत होतो आणि तो काही केल्या पडत नव्हता.

वरचे थर गेले खड्ड्यात. उरलेली भाजी मी टोपलीतून हौदावर नेली. खुर्ची नव्हती. पाणी कोमट, पण वारा असा की कान आहेत की गेले ते चाचपून पाहावं लागे. आजी काठावर बसून एकेका जुडीत खोड काढत होत्या: देठात बघ, पिळ, पिळ म्हटलं की पिळायचं असतं, कुरवाळायचं नसतं. वाटेनं कारासावाराव चालले होते. मला पाहून लगबगीनं पुढे झाले आणि म्हणाले, आगटेसान, आपण कशाला, द्या इकडे.

"तुम्ही निघा," आजी म्हणाल्या. "करतोय तो."

कारासावाराव क्षणभर घुटमळले आणि निघून गेले.

आंबलेली भाजी इथे टाकत नाहीत. ती चिरून तेलावर परततात, काळा, खारट सोया सॉस घालतात आणि कणकेच्या गोळ्यात भरून भाजतात. आजींच्या देखरेखीखाली मी दिवसभर गोळे भरले. त्यातले निम्मे फुटले आणि प्रत्येक फुटलेल्या गोळ्याचा पंचनामा झाला. संध्याकाळी ते घरोघर पोचवले, खोक्यात नव्हे, ताटात, वर जुनं वर्तमानपत्र झाकून. दुसऱ्या दिवशी कारासावाराव रस्त्यात भेटले. माझ्या तोंडावर म्हणाले, "वास अजून येतो." घरी जाऊन मी तोमोएला हे दोनदा सांगितलं.

त्यानंतरच्या पहिल्या चहाला मी आजींकडे जरा आधीच गेलो, रजईत शिरलो आणि बशीची वाट पाहत बसलो. बशी आली नाही. मधोमध वाडगा आला. माझ्या हातात चॉपस्टिक कोंबल्या गेल्या आणि कोपरखळी बसली, म्हणजे घे. मी घेतलं. भाजीची एक काडी निसटून रजईवर पडली. आजींनी 'च' केलं आणि फडक्यानं पुसून टाकली. मी चॉपस्टिक किती छान धरतो याचं कुणी कौतुक केलं नाही. मी गारठ्याबद्दल बोललो, तर कारासावाराव म्हणाले, गारठा कसला, परवा जास्त होता. लोणचं चांगलं खारट होतं. केकही तसा वाईट नसायचा, पण ते असो.

मला भरून आलं. अशा वेळी माणसानं चार शब्द बोलावेत. मी कप खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि घसा साफ केला.  तोमोए तिच्या कपात बघायला लागली.

"गेली वीस वर्षं," मी सुरुवात केली, "या गल्लीनं माझ्यासारख्या माणसाला जे काही—"

"ते नंतर सांग," मोमोसेआजी म्हणाल्या. "आधी तुझे पाय जरा आखडून घे. शेगडी सगळी तूच अडवलीयस."